हिरव्या लाटांचा कागद

परळीत कागद उघडा ठेवता येत नाही, वीजकेंद्राची राख बसते. आमच्या छापखान्यात अब्बांच्या वेळेपासून कागदांवर जुनी चादर पांघरलेली असते. गेली दोन वर्षं त्या चादरीखाली, अगदी तळाशी, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचं एक पॅड मी लपवून ठेवलं होतं. फिकट हिरव्या लाटांचं. बायकोनं झाडताना चादर उचलली, की मी तिच्या हातातून केरसुणी काढून घ्यायचो.

झोपेच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्यांवर तेव्हा खाडाखोड फार वाढली होती. वरून कुणाची सक्ती नव्हती. आमच्या भागातल्या डॉक्टरांनी आणि औषधदुकानदारांनीच बसून ठरवलं, की असल्या गोळ्या फक्त एका खास कागदावर लिहायच्या. त्या कागदावर शाई उडवायचं औषध लावलं की तपकिरी डाग उमटतो. डाग दिसला तर दुकानदारानं गोळ्या द्यायच्या नाहीत. छपाईचं काम माझ्याकडे आलं.

बैठकीत मी नमुना दाखवला. आमचे जुने डॉक्टर, ज्यांनी माझ्या दोन्ही पोरांचे ताप काढले, ते अजून शाईच्या पेननं लिहायचे. त्यांनी स्वतः औषधात बुडवलेला कापसाचा बोळा फिरवला. डाग उमटला.

"लई बेस झालं," ते म्हणाले. "आता कागदच साक्ष देईल."

तो नमुना खऱ्या कागदाचा होता. छपाईचा कागद हैदराबादहून यायचा होता, तो आलाच नाही. तारीख ठरलेली, लगीनसराई डोक्यावर. आमच्या धंद्यात पत्रिकेचा नमुना एका कागदावर दाखवायचा आणि छपाई दुसऱ्यावर करायची, हे चालतं. गिऱ्हाईक रंग बघतं; कागद चिमटीत धरून कोण बघतो? मी साध्या कागदावर हिरव्या लाटा छापल्या. खरा कागद आला की पॅडं बदलून देऊ, असं मनाशी म्हणालो. तो आला तेव्हा पॅडं वाटून झाली होती. बदलायची तर कबूल करावं लागणार होतं. मी गप्प बसलो.

चार महिन्यांनी एका माणसानं तीस गोळ्या एकदम घेतल्या. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, वाचला. चिठ्ठी आमच्या डॉक्टरांची होती. हवालदारानं मला औषधाच्या दुकानात बोलावलं. मी गेलो तर डॉक्टर काउंटरपाशी स्टुलावर बसलेले.

"कागद तुमचाच ना?" हवालदार म्हणाला. "मग तुमीच सांगा, पुसलंय का?"

मी चिठ्ठी उजेडात धरली. तीनच्या आकड्याखाली कागद जरा फुसफुशीत झाला होता. बोट फिरवलं की कळत होतं. मला कळलं.

"डाग नाही," मी म्हणालो.

ते खरं होतं, म्हणून तर ते एवढं सहज तोंडातून निघालं.

"शून्य माझंच हाय," डॉक्टर म्हणाले. "मला दहाच आठवतात." ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

दुकानदार हसत म्हणाला, "साहेब, वय झालं आता. परवा मला माझ्या बापाच्या नावानं हाक मारलीत."

डॉक्टरही हसायला गेले. जमलं नाही.

त्या माणसाच्या घरच्यांनी तक्रार केली नाही, प्रकरण मिटलं. महिन्याभरात डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. मी त्यांच्या गल्लीतून जाणं सोडलं. छापखान्यासमोर जीप थांबली की मशीन बंद करून ऐकत बसायचो. जेल, पोरांची शाळा, अब्बांच्या नावाची पाटी, सगळं डोळ्यांपुढून जायचं. त्यात डॉक्टर मात्र येत नसत, हेही आज सांगतो.

मग एकदा भाजीबाजारात ते दिसले. हातात वहीचं पान. मेथी घेतली, पान बघितलं. दोन पावलं गेले, थैलीत मेथी आहे का बघितलं, परत पान बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चादरीखालचं पॅड काढलं आणि घरातली कपडे पांढरे करायच्या औषधाची बाटली घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांना म्हटलं, "डॉक्टरसाहेब, यावर दहा लिहा." त्यांनी लिहिलं. मी एकच्या आकड्यावर बोळा टेकवला. एक गेला. शून्य राहिलं. डाग उमटला नाही.

त्यांनी पॅड उजेडात धरलं, एक होता तिथं बोट फिरवलं.

"कामून सांगितलं न्हाईस रे?"

"भ्यालो होतो."

"आन् मी काय भ्यालो नव्हतो? रोज सकाळी उठलो की आधी बायकोचं नाव आठवतंय का बघायचो."

मी बाटलीचं झाकण घट्ट केलं. त्यांनी विचारलं, "बाकीच्या डॉक्टरांकडं अजून हाच कागद हाय?"

"हाय."

त्यांनी पॅड माझ्यापुढे सरकवलं. "लिही सगळं. सही कर." मी टेबलावरचा त्यांचा शाईचा पेन उचलला, तर त्यांनी तो काढून घेतला आणि खिशातला बॉलपेन दिला. "ह्यानं लिही."

मी लिहिलं. त्यांनी कागदाची घडी खिशात घातली आणि चपला पायात सरकवल्या. पहिला दवाखाना कोपऱ्यावरच होता. मी त्यांच्या मागे चालत होतो, आणि पायरीवर त्यांनी "तू बोलतोस का मी बोलू?" असं विचारलं तेव्हा मी बोट स्वतःकडे केलं आणि त्यांच्या पुढे होऊन पायरी चढलो.