चपला काढू नका!

आमच्या घरी पाहुणा आला, की तो दारातच अडवला जाई. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, हातात पिशवी, आणि चप्पल काढायला वाकला रे वाकला, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “चपला काढू नका! आधी गुरुद्वारा बघून या, मंग घाटावर जावा. तवर माझ्या भाकरी होतेत.”

पाहुणा बिचारा पाच-सहा तास एस.टी.त आंबलेला. तो म्हणे, “वहिनी, जरा टेकतो की.”

“टेकायला इतक्या लांब आलाव? तुमच्या गावात भिंती न्हाईत का?”

ह्या माझ्या मोठ्या जाऊबाई, सरूबाई. घरात लहानथोर सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. बुटक्या, गोल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि नांदेडबद्दल कुणी वाकडं बोललं तर हातातलं उलथणं तिथंच थांबायचं. माझं लग्न होऊन मी लातूरहून आले, तेव्हा माझंही स्वागत असंच झालं. माप ओलांडलं, आणि दुसऱ्याच दिवशी बाईंनी नवरदेवाला सांगितलं, “हिला गोदावरी दाखवून आण. लातूरची हाय, इतकं पाणी एका जागी बघितलं नसंल.”

आता मी कशी होते ते सांगायला हवं. वय बावीस, अक्कल बाराची आणि तोंड बेचाळिसाचं. बी.ए. झालेली, त्यामुळे जगातलं काही कळायचं राहिलेलं नव्हतं. मी घाटावरून परत आले आणि नाक उडवून म्हणाले, “बरी आहे नदी. पण आमच्या गंजगोलाईच्या गोल बाजाराला सोळा रस्ते फुटतात. सोळा!”

बाईंनी भाकरी तव्यावर टाकली. “सोळा कामून लागतेत? लोकाला पळून जायला?”

त्या दिवसापासून आमचं युद्ध सुरू झालं. मी औशाचा किल्ला काढला, की त्या कंधारचा काढत. मी उदगीर म्हटलं, की त्या माहूरच्या रेणुकामातेला मध्ये आणत, आणि देवीपुढं काय बोलणार? मी लातूरच्या शिकवण्यांची थोरवी गायला लागले, तर म्हणाल्या, “हाव हाव, लई हुशार पोरं. पण अंघोळीला मुहूर्त काढावा लागतोय म्हणं.” वर मला अर्धापूरचं केळं खायला द्यायच्या आणि मी पहिला घास घेतला, की माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. केळं खरंच गोड असायचं. मी तोंड मुद्दाम कडू करून खायची. असली मी.

पण बाईंचा खरा हुकमाचा पत्ता म्हणजे सहस्रकुंडचा धबधबा. तो त्या पाहुण्याला आदल्या रात्रीच सांगायला घ्यायच्या. “पैनगंगा अशी काळ्या कातळावरून खाली येतीय, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. तुषार तोंडावर येतेत. खाली उतरताना चवथ्या पायरीला जपा, शेवाळ हाय. अन् देवळात पाया पडल्याबिगर येऊ नका.” ऐकणारा दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने रवाना व्हायचा.

संध्याकाळी तो परत आला, की ताटावर त्याची तोंडी परीक्षा. वाढता वाढता बाई विचारायच्या, “मंग? पाणी कोन्या रंगाचं होतं? इंद्रधनुष्य दिसलं का? देऊळ कोन्या हाताला?” उत्तर पुरं होईपर्यंत आमटीची पळी हवेत. मला वाटायचं, काय हा जाच! पाहुण्याला धड जेवू देत नाहीत. अशी परीक्षा त्या का घेतात, याचा विचार बी.ए.च्या अभ्यासक्रमात नव्हता.

एका श्रावणात माझे लातूरचे मामा आले. बाईंनी धबधब्याचं कीर्तन सुरू केलं, आणि मला एक गोष्ट खटकली. आठ दिवसांपूर्वी दुसऱ्या पाहुण्याला सांगताना देऊळ डाव्या हाताला होतं, आज ते उजव्या हाताला गेलं होतं. मला इतका आनंद झाला, की काय सांगू. मांजराला उंदीर सापडल्यावर होत असेल तसा.

मी भर पंगतीत म्हणाले, “बाई, मागं तर डाव्या हाताला म्हणाला होतात. तुम्ही स्वतः पाहिलाय का हो धबधबा?”

बाईंनी टोपल्यातली भाकरी उचलली. मीच पुढे ताणलं, “आणि कंधार? माहूरचा गड?”

त्यांनी मामांच्या ताटात भाकरी ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सतरा सालं झाली हितं येऊन. पाव्हणे फिराया गेले, की मागं भाकरी कोन थापील? लातूर?”

त्या स्वतः बिलोलीकडच्या एका खेड्यातल्या. लग्न होऊन नांदेडला आल्या आणि चुलीपुढे बसल्या. नांदेड म्हणजे त्यांनी पाहुण्यांकडून गोळा केलेलं गाव होतं. एकाने पाण्याचा रंग आणला, दुसऱ्याने शेवाळलेली पायरी आणली, पलीकडच्या काठावरून बघणाऱ्याने देऊळ दुसऱ्या हाताला नेलं. ताटावरची परीक्षा ही परीक्षा नव्हतीच. त्या जेवण वाढत होत्या आणि बदल्यात आपलं शहर मागून घेत होत्या.

हे सगळं मला तेव्हा कळलं असं समजू नका. तेव्हा मी जिंकले होते आणि खुशीत होते. कळायला लागलं ते पुढच्या पाहुण्याच्या वेळी. तो दारात आला, वाकला, चप्पल काढली. आतून आवाजच आला नाही. बसला, चहा प्यायला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला आणि गेला. त्यानंतरचाही तसाच. बाई निमूट वाढायच्या, कुणाला काही विचारायच्या नाहीत. मी मुद्दाम म्हटलं, “आमच्या गोलाईला सोळा रस्ते आहेत, बरं का.” तर म्हणाल्या, “असतील, माय.” माय! इतका सरळपणा बाईंना शोभत नव्हता. अशाच त्या राहिल्या, तर ह्या घरात मी भांडायचं कुणाशी?

मग मी ठरवलं, बाईंना सहस्रकुंड दाखवायचंच. प्रश्न एकच होता, भाकरीचा. घरात चौदा माणसं. तोही सुटला. मे महिन्यात लग्नसराईत मामा-मामी आले, तेव्हा मी मामीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मामीने पदर खोचला आणि म्हणाली, “जावा गं दोघी. पीठ कुठं हाय तेवढं दाखव.” पाहुणीला चुलीपुढे बसवून घरच्या सुना फिरायला निघाल्या! आळीत ही बातमी आमच्या जीपच्या आधी पोचली होती.

जीप मामांनी ठरवली. बाई ठेवणीतलं इरकल नेसल्या होत्या. वाटभर मांडीवर दशम्यांचं गाठोडं, नजर खिडकीबाहेर.

पोचलो. उतरलो. आणि मी बघतच राहिले.

पाणी नव्हतं. काळा कातळ उन्हात तापलेला, आणि त्याच्या एका कपारीतून करंगळीएवढी धार. दोन बकऱ्या मध्यभागी उभ्या राहून रवंथ करत होत्या. धबधब्याला हंगाम असतो, हे लातूरच्या पोरीला कुठून ठाऊक असणार! आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला येतं किंवा येत नाही. मला तिथंच कातळावर डोकं आपटावंसं वाटलं.

तिथं आणखी एक कुटुंब आलं होतं. गाडीवर नंबर लातूरचा. त्यातला गृहस्थ कमरेवर हात ठेवून बायकोला म्हणाला, “हे बघायला आलो व्हय आपण? ह्याच्यापरीस आपली गोलाई काय वाईट?”

माझंच वाक्य, माझ्याच ठसक्यात. दुसऱ्याच्या तोंडून ते इतकं ओंगळ ऐकू येईल असं वाटलं नव्हतं.

बाईंनी गाठोडं माझ्या हातात दिलं. “ओ दादा, हिकडं या. ते बगा, त्या कपारीपासून त्या झाडापस्तोर समदं पांढरं होतंय. आभाळ फाटल्यावानी आवाज. तुम्ही आता बोललाव न्हाई का, त्यातलं एक अक्षर ह्या ताईला ऐकू आलं नसतं. अन् तेच बरं झालं असतं.” हात हलत होते, कुंकू घामाने ओघळलं होतं. त्या गृहस्थाची पोरं कातळाकडे अशी बघायला लागली, की जणू पाणी आता येणार.

गृहस्थ मात्र लातूरचाच. डोळे बारीक करून म्हणाला, “तुम्ही स्वतः पाहिलंय का हो, बाई?”

बाईंचा हात हवेत थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“म्हणजे काय?” मी पुढे झाले. “दर श्रावणात येतो आम्ही दोघी. मागल्या साली हिथं, एवढ्या लांब उभी होते, तरी माझा पदर चिंब झाला. मी लातूरची आहे, नांदेडसाठी खोटं कशाला बोलू?”

त्याने पोरांना हाक मारली आणि गाडीकडे वळला.

परतताना निम्मी वाट गेल्यावर मी म्हणाले, “बाई, चुकलंच माझं. पाणी नसतं हे ठाऊक नव्हतं.”

“मला ठाऊक होतं की. मे महिन्यात कुठं पाणी असतंय?”

“मग बोलला का नाहीत?”

“सतरा सालात पयल्यांदा कुणी म्हणलं, बाई, चला. आता तिथं पाणी हाय का न्हाई, ते कोन इचारत बसतंय?” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ते पदर भिजल्याचं कामून सांगितलीस?”

“सुचलं आपलं.”

“चांगलं हाय. घेते मी ते.”

आणि घेतलं. पुढची कैक वर्षं माझा न भिजलेला पदर दर पाहुण्यासमोर चिंब होत राहिला. पुढल्या श्रावणात मी त्यांना खरा, भरलेला धबधबाही दाखवला. तुषार तोंडावर, शेजारचं बोलणं ऐकू येईना, सगळं त्यांनी सांगितल्यासारखं. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडल्या, “मी सांगते त्याच्यापरीस कमीच हाय!”

गेल्या थंडीत बाई गेल्या. शेवटच्या आठवड्यात तपासायला आलेला तरुण डॉक्टर परगावचा होता. त्याने नाडी धरली, तर त्याचाच हात धरून म्हणाल्या, “गड पाहिलाव का माहूरचा? न्हाई? मंग हितं काय करलालाव?”

श्रावणात माझे पुण्याचे व्याही-विहीण पहिल्यांदाच आले. दारात उभे राहून चप्पल काढायला वाकले, आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, “काढू नका!” दोघं दचकले. दुसऱ्या दिवशी गुमान सहस्रकुंडला जाऊन आले.

रात्री वाढता वाढता मी विचारलं, “देऊळ कोणत्या हाताला होतं?”

“उजव्या,” व्याही म्हणाले.

“अहो, डाव्या!” विहीणबाई म्हणाल्या.

“दोन्ही बरोबर,” मी म्हणाले आणि भाकरी वाढली. “आता पाण्याचा रंग सांगा.”