दैवशालाचं काम

सोयाबीनच्या मळणीत भुजंगचा उजवा हात यंत्रात गेला, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. हात गमावून दवाखान्यातून चुडाव्याला घरी परतल्यावर जो येईल तो एकच सांगायचा, "आता अपंगाचा सरकारी पगार चालू करून घे अन् बस निवांत." दोन वर्षं तो बसलाही. मग परभणीतल्या एका ओळखीच्या दुकानदाराने त्याला कामावर ठेवलं, म्हणजे दारात खुर्ची देऊन बसवलं. कुणी काही सांगेना, कुणी काही मागेना. पंधरवड्यातच भुजंग खुर्चीवरून उठला तो परत गेला नाही.

पुढं पशुखाद्याच्या दुकानात त्याने स्वतःच काम मागितलं. गुडघ्याचा टेका देऊन डाव्या हातानं पोतं खांद्यावर घ्यायला तो शिकला. तिथं तो टिकला आणि मग सुट्टीच्या दिवशी एक नवाच उद्योग त्याने मागं लावून घेतला. त्याच्यासारखी माणसं घेऊन तो दुकानं, कारखाने हिंडू लागला. "ह्यांना काम द्या. खुर्ची नका देऊ," एवढंच त्याचं म्हणणं. नकार लय मिळायचे. काही ठिकाणी त्याला लांबून येताना बघूनच मालक आत जायचे.

पेडगावची दैवशाला त्याला अशीच भेटली. शेळ्या राखणाऱ्या भागुबाईची लेक, विशीतली, जन्मापासून ऐकू न येणारी. गावच्या शाळेत चार वर्षं मागच्या बाकावर बसून ती घरी आली होती. खुणांची भाषा तिला कुणी शिकवलेली नव्हती. मायलेकींनी आपल्या आपण जुळवलेल्या खुणांवर घर चालायचं.

भुजंग तिला वसमत रोडवरच्या अण्णासाहेबांच्या बेकरीत घेऊन गेला. अण्णासाहेब घाबरले. "भुजंगराव, भट्टीचं काम हाय. मागून कुणी वरडलं तर तिला कसं कळंल?"

"भट्टीपाशी नका ठेवू. टोस्ट भरायला ठेवा. माझ्या सुट्टीला मी येऊन बघत जाईन. जिम्मा माझा."

दैवशालाचे हात झपाझप चालायचे. फुटका टोस्ट तिच्या नजरेतून सुटायचा नाही. अण्णासाहेब खूश होते. आणि महिन्याभरात एका सकाळी ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अण्णासाहेबांचा फोन आला, "मी म्हणलोच हुतो. ही माणसं टिकत न्हाईत."

भुजंग त्याच संध्याकाळी पेडगावला गेला. भागुबाई शेळ्या बांधत होती. "मावशी, झालं काय? कुणी बोललं का तिला?"

"बोलायला तिला ऐकू कुठं येतंय बाबा? दोन दिस झाले, भाकर धड खायना. काय सांगायलीय तेबी नीट कळंना मला."

दैवशाला आतून आली. भुजंगला बघून तिनं तोंड फिरवलं. तो तिथंच ओट्यावर बसून राहिला. बऱ्याच वेळानं ती समोर आली आणि हातांनी सांगू लागली. भागुबाई जमेल तसं बोलून दाखवत होती. भट्टीच्या दुरुस्तीसाठी बेकरी एक दिवस बंद होती. आदल्या संध्याकाळी सगळ्या बायांना सांगितलं होतं. हिला कुणीच सांगितलं नाही. ही नेहमीसारखी आली आणि बंद शटरसमोर दुपारपर्यंत बसून राहिली. आपल्याला काढून टाकलं, असंच तिला वाटलं.

"काढलं न्हाई गं तुला," भुजंग मान हलवत म्हणाला. मग आपली चूक त्याच्या ध्यानात आली. इतक्या वेळा बेकरीत जाऊन त्यानं तिचं काम बघितलं होतं. तिच्याशी कोण बोलतं, हे एकदाही बघितलं नव्हतं.

"मी उद्या जाऊन सांगतो त्यांना," तो म्हणाला. भागुबाईनं खुणेनं ते लेकीला सांगितलं. दैवशालानं जोरात मान हलवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. सांगायचं तर ती स्वतः सांगणार होती.

सकाळी ती बेकरीत शिरली. भुजंग दारातच थांबला. सगळ्या बाया आणि अण्णासाहेबांच्या देखत तिनं दोन्ही हातांनी शटर खाली ओढल्यासारखं केलं. मग जमिनीवर बसली, गुडघे पोटाशी घेतले आणि रस्त्याकडं बघत राहिली. एका बाजूला बघितलं, दुसऱ्या बाजूला बघितलं. कपाळावरचा घाम पुसला. मग उठून एकेकीकडं बोट दाखवलं, कानाला हात लावला, आणि शेवटी स्वतःकडं रिकामा तळवा दाखवला.

कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. तिच्या शेजारी बसणारी नीलम रडवेली झाली. "दादा, आमाला वाटलं दुसरीनं सांगितलं असंल."

"मलाबी तेच वाटलं," अण्णासाहेब हळू आवाजात म्हणाले.

"तिला इचारा आता," भुजंग म्हणाला, "ती ऱ्हाती का."

दैवशालानं नीलमचा हात धरला आणि तिला स्वतःजवळ ओढलं. सांगायचं असेल ते हिनं सांगावं, अशी तिची अट होती. नीलमनं मान डोलावली. तेव्हा कुठं दैवशालानं डोक्याला कापड बांधलं.

सगळं एका दिवसात जुळलं नाही. नीलमच्या खुणा चुकायच्या, दैवशाला चिडायची, टोस्टचे पुडे आपटायची. दुपारी बाया कशाला हसल्या हे सांगता सांगता नीलमची भाकरी वाळून जायची. पण नीलम शिकली, तिच्यामागून बाकीच्याही शिकल्या. बेकरीच्या वेळेत काही बदल असला की नीलम घरून दैवशालाला व्हिडिओ कॉल लावते. अण्णासाहेबांसाठी बायांनी गाल फुगवून पोटावर हात फिरवायची खूण केली आहे. ती त्यांना कळायला वर्ष लागलं.

यंदा दैवशाला मालाची तपासणी बघते. नव्या बाईनं पुडा नीट भरला नाही तर सगळ्यांसमोर उघडून परत भरायला लावते. अण्णासाहेबांनी भरलेला पुडाही तिनं एकदा परत केला होता.

भुजंग आता कुणाला कामावर लावलं की दुपारच्या सुट्टीत जातो आणि ते माणूस कुणाशेजारी जेवायला बसलंय ते बघतो. गेल्या आठवड्यात तो धम्मानंद नावाच्या कमी दिसणाऱ्या पोराला घेऊन एका लाँड्रीत गेला होता. मालक म्हणाला, "कपडे जळतील माझे." भुजंगनं दोनदा विनवलं, मग "बरं" म्हणून बाहेर पडला. रस्त्यापलीकडं मसाल्याच्या कांडपाचा आवाज चालू होता. त्यानं धम्मानंदचा हात आपल्या डाव्या कोपरावर ठेवला, दोन्ही बाजूंच्या गाड्या बघितल्या आणि दोघं तिकडं चालू लागले.