ज्याचा फाऊल, त्यानं सांगायचा

देवराव भोयरनं मला पहिल्यांदा मारलं तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो, दोन मुलांचा बाप होतो आणि लकडगंजात माझी स्वतःची आरा मशीन होती. मारलं म्हणजे टपली नव्हे. स्नूकरच्या क्यूच्या जाड बाजूनं कोपरावर असा ठोका घातला की तीन दिवस मला डाव्या हातानं जेवावं लागलं.

"डोया काहून मिटला बे?" तो ओरडला. "फळी पाहून राहिला काय?"

त्याचं खरं होतं. आम्ही लाकडातली माणसं. फळी एका टोकानं उचलायची, एक डोळा मिटायचा आणि कडेवरून नजर सोडायची, हे आमच्या हाडात बसलेलं. त्यामुळे लकडगंजातला माणूस स्नूकरच्या टेबलावर वाकला की त्याचा एक डोळा आपोआप मिटतो, आणि बॉल पॉकेटच्या कडेवर आपटून परत येतो. देवरावला हा रोग ठाऊक होता, कारण तरुणपणी तो माझ्या वडिलांच्याच आऱ्यावर कामाला होता. गावची शेती भावाकडे सोडून आलेला. पुढे आरा सोडून तो एका क्लबात मार्कर झाला. टेबल ब्रशनं झाडायचं, बॉल लावायचे, गुण पुकारायचे, आणि साहेबलोकांचे हात बघत उभं राहायचं. बघून बघून तो त्या सगळ्यांपेक्षा चांगला खेळायला लागला. साठीकडे झुकल्यावर त्यानं माझ्या आऱ्यामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, तीन टेबलं टाकून पार्लर उघडलं आणि मी दुपारी तिथं जाऊ लागलो.

टेबलाशी तो मला अरे-तुरे करायचा. पायऱ्या उतरलो की मनोहरभाऊ.

त्याची शिकवण सोपी होती आणि अंगावर वळ उठवणारी होती. "सूत उभ्यानंच पाह्य," म्हणायचा. म्हणजे लाकडावर दोरीनं रेघ मारतात तशी बॉलपासून पॉकेटपर्यंतची रेघ उभं असतानाच मनात मारायची. मग उजवा पाय त्या रेघेवर ठेवायचा आणि रेघेवरच खाली वाकायचं. वाकल्यावर इकडेतिकडे सरकायला लागलात की मांडीवर फटका. डोकं उचललं की मानेवर. कोपर दाराच्या बिजागरीसारखं एकाच जागी हललं पाहिजे, बाहेर फाकलं की ठोका. क्यू हनुवटीला लागलेली, दोन्ही डोळे उघडे. टोक बॉलजवळ नेऊन दोनदा हलकेच मोजायचं, मागे नेऊन क्षणभर थांबायचं आणि मग आरपार सोडायची. सुरुवातीला तो टेबलावर सोड्याची रिकामी बाटली आडवी ठेवायचा आणि तिच्या तोंडात क्यूचं टोक शंभर वेळा घालून काढायला लावायचा. काच वाजली की पुन्हा एकपासून.

आणि एक नियम होता, ज्याला मारही कमी पडायचा. बाही बॉलला लागली, टोक चुकून आधीच टेकलं, कुणी पाहिलं नाही, तरी स्वतः मागे सरायचं आणि म्हणायचं, फाऊल. ज्याचा फाऊल, त्यानं सांगायचा. ज्यानं लपवला त्याला देवराव पायऱ्यांवरून ढकलून देत असे. खरंच ढकलत असे, मी दोघांना घरंगळताना पाहिलं आहे.

त्याच्याकडे सगळ्यात जास्त मार खाल्लेला मुलगा म्हणजे सौरव. कळमन्यातले संत्र्याचे अडते आनंदराव यांचा मुलगा, चोवीस वर्षांचा, हात असा की देवरावसुद्धा कधीकधी पाहत राहायचा. पाच वर्षं त्यानं त्याला घडवला. सौरवही तापट. एकदा मार खाऊन त्यानं क्यू गुडघ्यावर मोडली होती, आणि देवरावनं खूश होऊन त्याला स्वतःची क्यू दिली होती.

गेल्या वर्षी धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये जिल्ह्याचा सामना झाला. जिंकला तो राज्याच्या संघात. शेवटच्या डावात गुलाबी आणि काळा, दोनच रंग उरले होते. गुलाबी गेला की सौरव जिंकणार. तो लांब वाकला, आणि वाकताना त्याची बाही काळ्याला घासली. काळा केसभर हलला. पंच पलीकडे उभा, त्याला दिसलं नाही. गुलाबी पॉकेटात गेला, टाळ्या पडल्या.

देवराव माझ्या शेजारी बसला होता. त्याचे ओठ हलताना मला दिसले. "एक. दोन. तीन." तीनपर्यंत सौरव बोलला नाही, तेव्हा देवराव उभा राहिला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "फाऊल."

पंचानं सौरवला विचारलं. दीडशे माणसं बघत होती. त्याला मान हलवावी लागली. फाऊलचे सात गुण समोरच्याला मिळाले आणि सामना गेला.

पुढचं मी पाहिलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आठ महिने मी ते कुणाला सांगितलं नाही. दुपारचे चार वाजले होते, हॉलमागच्या पार्किंगमध्ये मी स्कूटर काढत होतो. देवराव पायऱ्या उतरून आला. सौरव तिथं उभाच होता. त्यानं पेटीतून क्यूचा मागचा जाड अर्धा भाग काढला, देवरावनंच दिलेल्या क्यूचा, आणि मारला. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा तोंडावर. नारळ फुटावा तसा आवाज झाला आणि देवराव गुडघ्यांवर आला. डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं, बोटांच्या फटींतून शर्टावर सांडत होतं. सौरव तिसरा मारणार होता. मग त्यानं देवरावच्या तोंडाकडे पाहिलं आणि पळाला.

मी खांबामागे होतो. पोरगा माझ्यापासून दहा पावलांवर होता आणि मी हललो नाही. भ्यालो. दुसरं काही नाव त्याला नाही.

पोलिसांना मी म्हणालो, मी पोचलो तेव्हा तो पायऱ्यांखाली पडलेला होता. आनंदराव संत्र्यांसाठी लाकडी पेट्या माझ्याकडून घेतात, निम्मा आरा त्यांच्या जिवावर चालतो, हे मी त्या वेळी मनात म्हटलं आणि त्यावर झोपलोसुद्धा. देवरावला विचारलं तर तो एवढंच बोलला, "ज्यानं केलं तो सांगन." पोलिसांनी पडून इजा झाल्याचं लिहून घेतलं.

इस्पितळाच्या जिन्यात त्याच्या बायकोनं, रंभाबाईनं, मला गाठलं. "तुमी तठीच होते ना गा, भाऊ?"

"मागून आलो मी, वहिनी," मी म्हणालो. तिनं पदर तोंडाला लावला आणि वर निघून गेली.

देवराव महिन्यानं परत आला. गेला तो नेमका त्याचा नेम धरणारा डोळा होता. चाळीस वर्षं त्याची क्यू हनुवटीच्या डाव्या बाजूला घासून तिथं खूण पडली होती. आता क्यू दोन बोटं उजवीकडे न्यायची होती, आणि एका डोळ्यानं अंतर कळत नाही. टोक पांढऱ्या बॉलपासून किती लांब आहे ते त्याला दिसेना. दोनदा मोजताना टोक बॉलला टेकायचं. रिकाम्या पार्लरमध्ये, समोर कुणी नसताना, तो मागे सरायचा आणि म्हणायचा, "फाऊल." मी कोपऱ्यात चहा पीत बसलेला असायचो आणि प्रत्येक वेळी तो शब्द मला माझ्यासाठीच वाटायचा.

"सौरव येईन," तो म्हणायचा. "येईन अन् सांगन. मीच शिकवलं ना त्याले."

सौरव आठ महिन्यांनी आला. भर दुपारी. पार्लरमध्ये आम्ही तिघंच. पुन्हा निवड होती आणि त्याचं कोपर फाकायला लागलं होतं. त्यानं मोबाईलवर स्वतःच्या स्ट्रोकचा व्हिडिओ हळू करून दाखवला. "काका, जे झालं ते झालं," म्हणाला. "मले पुन्हा सुतात आणा."

देवरावनं तो मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाला, "वाक."

सौरव वाकला. डावा हात कापडावर टेकवून बोटं पसरली, अंगठा वर, त्याच्या खाचेत क्यू. सुंदर हात होता. देवराव पलीकडून आला. "आणखी काही सांगाचं हाये काय?" सौरव काही बोलला नाही. देवरावचे ओठ हलले. मी ते पाहिलं आणि मला कळलं, आणि याही वेळी मी उठलो नाही.

त्यानं क्यू उलटी धरली. जाड टोक सौरवच्या बोटांवर दोनदा हलकेच टेकवून मोजलं. सौरवला वाटलं, तो बोटांची ठेवण दाखवतोय. देवरावनं क्यू वर नेली, क्षणभर थांबला आणि आरपार खाली आणली. हाडं मोडल्याचा आवाज मला आऱ्यावरही कधी इतका स्वच्छ ऐकू आला नव्हता. सौरव किंचाळला. देवरावनं पुन्हा मोजलं आणि पुन्हा मारलं. हिरवं कापड काळं पडत गेलं. तिसऱ्यांदा मी त्याच्या कमरेला मिठी घातली, तर त्यानं मला भिंतीवर फेकलं. चार बोटं गेली होती.

इस्पितळात सौरवनं सांगितलं, शटर हातावर पडलं. मला हायसं वाटलं. खरं सांगितलं असतं तर डोळ्याचंही निघालं असतं, ते त्याला कळत होतं. मी देवरावला म्हणालो, "झालं ना, बरोबरी झाली. आता मिटवा."

"बरोबरी कायची, मनोहरभाऊ?" तो शर्ट बदलत होता. "दोन फाऊल झाले. एकही कोनं सांगतला नाही. चाला माह्यासंगं."

आणि मला स्कूटरवर मागे बसवून तोच ठाण्यात घेऊन गेला. एका डोळ्यानं, भर रहदारीतून.

हवालदार कागद पुढे घेऊन बसला. "तक्रार कोणाची?"

"कोनाचीच नाही. मी एका पोराचा हात फोडला. समजून उमजून फोडला. माह्या फाऊल हाये, मी सांगून राहिलो."

हवालदारानं लिहिलं. मग त्या रिकाम्या खोबणीकडे पाहिलं. "आणि हा डोळा?"

"तो माह्या नाही," देवराव म्हणाला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसला होता, हात गुडघ्यांवर. त्याचे ओठ हलत होते. तेव्हा मला कळलं, पार्किंगमध्ये त्या उरलेल्या डोळ्यानं त्यानं मला खांबामागे पाहिलं होतं. आठ महिने त्याला माहीत होतं, आणि आठ महिने त्यानं मला चहा पाजला होता.

एक. दोन.

मी खुर्ची पुढे ओढली. "मी तिथं होतो," मी म्हणालो. "सगळं पाहिलंय मी. लिहून घ्या."