माझ्या बॅगेतला तिचा कुकर

अमेरिकेतून भारतात जाणाऱ्या बाईची बॅग उघडली तर आत काय निघेल, हे मी डोळे मिटून सांगू शकते. बदाम, चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या गोळ्या, कुणाच्या तरी भाच्याचे बूट, आणि ज्यांना काय द्यावं ते सुचलं नाही त्यांच्यासाठी हँड क्रीम. येताना त्याच बॅगेतून भाजणी, गोडा मसाला आणि लोणचं येतं. कुकर मात्र एकाच दिशेनं प्रवास करतो. नवी नवरी पहिल्यांदा अमेरिकेत येते तेव्हा तो साड्यांत गुंडाळून तिच्याबरोबर येतो आणि इथलाच होऊन राहतो. परत निघालेला कुकर मी आयुष्यात एकदाच पाहिला. दुबईच्या हॉटेलात, आणि तोही माझ्याच बॅगेत.

कुकर माझ्या मैत्रिणीचा. ती पुण्याची, मी नागपूरची, पण आमची भेट झाली व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नमध्ये, जिथे माणसं कमी आणि डेटा सेंटरं जास्त. दोघींचे नवरे त्याच धंद्यात. आम्ही एकाच कॉम्प्लेक्समध्ये वर-खाली राहायचो, पुढे वेगवेगळी घरं झाली तरी गाडीनं दहा मिनिटांच्या आत. माझं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा मी बरी होईपर्यंत तिचा वरणभात माझ्या घरी यायचा. डब्यात काढला की गार होतो, असं तिचं म्हणणं, म्हणून ती अख्खा कुकरच उचलून आणायची. पोचा पडलेला, एका कानाचा स्क्रू सैल, झाकणावर ‘आईकडून सप्रेम’ असं कोरलेलं. तिच्या रुखवतातला होता तो. तिची आई पुढे लवकर गेली, त्यामुळे त्या कुकरला ती कुणाला हातसुद्धा लावू द्यायची नाही. मला द्यायची. याचा मला केवढा अभिमान होता!

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही परत जायचं ठरवलं होतं. आई गेल्यापासून बाबा नागपूरला एकटे. मी एकुलती एक. नवऱ्याला नागपुरात काम मिळत होतं, मुलगा कॉलेजला लागला होता, अडायचं काही कारण नव्हतं. बाबांनी तर वरची खोली रंगवून घेतली, नवं बाथरूम केलं, ए.सी. बसवला. स्वतः उभ्या जन्मात कूलरच्या पुढे गेले नाहीत आणि आमच्यासाठी ए.सी.! फोनवर म्हणाले, “रिमोटवरचं प्लॅस्टिक मी नाही काढलं बरं का. ते तूच काढ.”

ही बातमी मी मैत्रिणीला सांगितली आणि ती माझ्या किचनमध्ये खुर्चीवर बसून हमसून हमसून रडली. तिच्या नवऱ्याची नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती, ग्रीन कार्डच्या रांगेत त्यांचा नंबर कुठेच दिसत नव्हता. म्हणाली, “तू गेलीस तर मी इथे संपले. माझं कोण आहे गं इथे?” शेजारी तिची लेक दुधातलं सीरियल खात बसली होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, “हिची शपथ, आम्ही कधीच परत जाणार नाही. आपण दोघी इथेच म्हाताऱ्या होऊ. तू पण नको जाऊस.”

मुलीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ आमच्याकडे अजून शपथच असते, मग डोकं व्हर्जिनियात असो की वर्ध्यात. मी थांबले. नवऱ्यानं समजावलं, तरी थांबले. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “काही नाही गं बेटा. ए.सी. कुठे पळून जाते का? राहील भिंतीवर.”

बाबा गेल्या वर्षी गेले. सकाळी अंघोळीला म्हणून उठले आणि बाथरूमच्या दारात पडले. मी पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तर वर्षश्राद्धासाठी मी नागपूरला जाणार होते. नवऱ्याला रजा नव्हती. मैत्रीण लगेच म्हणाली, “तू एकटी नाही जायचंस. आम्ही मायलेकी दुबईपर्यंत येतो बरोबर. मला पण सासूबाईंना भेटायचंच आहे, तिथून मी पुण्याला जाईन.” वर तिनं दुबईचा दोन दिवसांचा स्टॉपओव्हर काढला. श्राद्धाला जाताना कसली मौज, असं मी म्हटलं. तर म्हणे, “अगं, वर्षभर तू हसली नाहीयेस. दोन दिवस फक्त तुझे आणि माझे.” मला भरून आलं. त्या भरून येण्याची आज मला चीड येते.

दिसत होतं तसं सगळंच. तिच्या घरात खोकी रचलेली होती, तर म्हणे बाथरूमचं काम काढलंय. गाडी दिसेना, तर लीज संपली. नवरा महिनाभर आधीच पुण्याला गेला होता, तर आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मी सगळं गिळलं. परक्या माणसाचं खोटं आपण तपासून बघतो, आपल्या माणसाचं तसंच ठेवून घेतो.

निघताना विमानतळावर तिच्या बॅगा जड भरल्या. तेवीस किलोच्या आत एकही नाही. माझ्या बॅगेत जागा होती. तिनं टॉवेलात गुंडाळून टेपनं आवळलेला एक गोळा माझ्या हातात दिला. “सासूबाईंचं पायाचं मसाज मशीन आहे, तुझ्यात टाक ना प्लीज.” मी माझे दोन स्वेटर काढून हातात घेतले आणि तिच्या सासूबाईंच्या पायांना जागा करून दिली.

दुबईला उतरलो तेव्हा जून महिना, बाहेर भट्टी पेटलेली. पण बाहेर जावंच लागत नाही तिथे. विमानतळातून ड्रायव्हर नसलेल्या मेट्रोत, मेट्रोतून काचेच्या पुलावर, पुलावरून मॉलमध्ये, मॉलमधून हॉटेलात. कालपर्यंत वाळू होती तिथे आज कारंजी, आणि मॉलच्या आत खरा बर्फ. सगळीकडे चकचकाट, पण भेटेल तो माणूस दुसरीकडचाच. लिफ्टमधला केरळचा, काउंटरवरची फिलिपिन्सची, टॅक्सीवाला पेशावरचा. मी गमतीनं म्हणाले, “हे तर आपलं अ‍ॅशबर्नच आहे गं, फक्त उंच. इथेही सगळे व्हिसावरच.” ती हसली नाही. नुसतं “हो ना” म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

संध्याकाळी त्या मोठ्या टॉवरवर जायचं, मग खाली फाउंटन बघायचं, अशी तिकिटं काढलेली. ती अंघोळीला गेली. तिची लेक, आता चांगली तेरा वर्षांची, पलंगावर फोन बघत पडली होती. मी बॅगेतून ड्रेस काढायला गेले तर त्याची ओढणी त्या गोळ्याच्या टेपला चिकटली. सोडवता सोडवता टॉवेल सुटला आणि आतून ‘आईकडून सप्रेम’ बाहेर आलं.

पहिल्यांदा मला हसूच आलं. मी पोरीला म्हटलं, “तुझी आई पुण्याला कुकर घेऊन चाललीये? पुण्यात मिळत नाहीत का?”

तिनं फोनवरून मान वर केली, कुकर पाहिला आणि तिचा चेहरा पडला. “ओह नो, मावशी. मॉम सेड शी वुड टेल यू अ‍ॅट द फाउंटन.”

“काय टेल करणार होती?”

पोर बिचारी बाथरूमच्या दाराकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “दॅट वी आर नॉट गोइंग बॅक टू अमेरिका.”

नळाचा आवाज चालू होता. मी कुकर मांडीवर घेऊन बसले. कानाचा तो सैल स्क्रू मी बोटानं फिरवत होते, कितीतरी वेळ. ज्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, त्याच डोक्यानं मला बातमी दिली.

ती बाहेर आली. केसांना टॉवेल, तोंडावर हसू. कुकर दिसला तसं ते हसू गेलं. आणि पहिलं वाक्य काय बोलली? “तू का उघडलंस?”

“माझी बॅग आहे ती,” मी म्हटलं.

मग ती माझ्यासमोर बसली. “मी सांगणारच होते गं. त्याच्यासाठीच तर स्टॉपओव्हर घेतला. म्हटलं, छान जागी, शांतपणे सांगू.”

“सांगायला दुबई कशाला लागते? माझं किचन काय वाईट होतं?”

“तू अशी चिडणार हे माहीत होतं, म्हणूनच. यार, तू समजून घे ना. ग्रीन कार्डचं काही खरं नाही. ही एकवीसची झाली की हिला आमच्या व्हिसावर राहता येणार नाही. ह्याला पुण्यात मस्त ऑफर आली, सासूबाई थकल्यात...”

“कधी ठरलं?”

“दिवाळीत.”

दिवाळीत! म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या हातावर तिळगूळ ठेवताना हिचं जायचं ठरलेलं होतं. गोड बोला म्हणाली आणि स्वतः जूनपर्यंत गोडच बोलत राहिली. मी विचारलं, “आपल्या मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये कुणाकुणाला माहितीये?” ती केसांचा टॉवेल सोडून परत बांधायला लागली. म्हणजे सगळ्यांना. मी सोडून प्रत्येकीला.

मी म्हणाले, “तुझ्या शब्दावर मी बाबांना नाही म्हणून सांगितलं.”

यावर ती जे बोलली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. “अगं, पण मी काय तुला बांधून ठेवलं होतं का? डिसिजन तुमचा होता ना.”

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. शत्रूनं कापला असता तर निदान आरडाओरडा तरी केला असता. इथे समोर ती ओल्या केसांनी बसलेली, आणि मला त्याही क्षणी वाटत होतं की हिला एवढ्या गार हवेत सर्दी होईल.

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “मला वाटलंच होतं.” बैल गेल्यावर झोपा करण्यात नवऱ्यांचा हात कुणी धरू शकणार नाही. मी फोन ठेवून दिला.

तिकिटं काढलेली होती म्हणून आम्ही टॉवरवर गेलो. जगातली सगळ्यात उंच इमारत, आणि वरून दिसली ती धूळ. मग खाली फाउंटन. गाणं लागलं, पाणी उडालं, लोक ओरडले. ती माझ्याशेजारी उभी होती आणि तिनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. तिच्या लेकीनं आमचा फोटो काढला. त्यात मी हसते आहे. सवय असते तोंडाला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर आमच्या वाटा वेगळ्या होत्या, तिला मुंबई, मला दिल्लीमार्गे नागपूर. चेक-इनच्या रांगेत ती म्हणाली, “कुकर तुझ्याकडेच राहू दे ना. नागपूरहून कुणाबरोबर तरी पुण्याला पाठव. माझं वजन परत जास्त होईल.” मी बॅग तिथेच जमिनीवर उघडली. मागचे पुढचे लोक बघत होते. कुकर काढला आणि तिच्या हातात दिला. तोंड उघडलं असतं तर सगळ्या विमानतळाला ऐकू गेलं असतं.

शेवटी तिनं तो हातातच घेतला, टॉवेल कुठेतरी राहून गेला होता. तसाच उघडा कुकर काखेत मारून ती माझ्या गेटपर्यंत आली. रडत होती. मनापासून रडत होती, हेही सांगते, कारण खोटं मला लिहायचं नाही. मला मिठी मारली तेव्हा कुकर माझ्या बरगडीला लागला. आणि डोळे पुसत म्हणाली, “तू पण ये ना गं आता परत. तिथे आता कुणासाठी थांबलीयेस?”

मी म्हणाले, “तुझ्यासाठी थांबले होते. बाबा होते तेव्हा.”

तिची लेक खाली बघत उभी होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेले.

नागपूरला श्राद्ध झालं. गुरुजी गेले, पानं उचलली. दुपारी शेजारच्या काकू माझ्याबरोबर वर आल्या. ए.सी. बसल्यापासून त्या खोलीत मी पाय ठेवला नव्हता. रिमोट खिडकीत होता, प्लॅस्टिकसकट. मी प्लॅस्टिक काढलं आणि बटण दाबलं. इतकी वर्षं नुसता लटकलेला ए.सी., चालू होईल असं मला वाटलं नव्हतं. पहिल्या झटक्यात सुरू झाला.

काकू म्हणाल्या, “होईल नाही तर काय. दर उन्हाळ्याच्या आधी माणूस बोलावून साफ करून घ्यायचे तुझे बाबा. मी म्हणायची, काहून पैसे घालवता भाऊ, वर तर कुणी राहत नाही. तर म्हणायचे, अचानक आली पोरगी तर उकडेल ना तिला.”

मी पलंगावर बसले. गार वारा सरळ तोंडावर येत होता. तेवढ्यात फोन वाजला. तिनं फोटो पाठवला होता, पुण्याच्या ओट्यावर तो कुकर, खाली लिहिलेलं, “पोचलीस का? आज वरणभात. तुझी आठवण आली.”

काकूंनी विचारलं, “कुणाचा गं मेसेज?”

“ओळखीची आहे एक,” मी म्हटलं, आणि फोन पालथा ठेवला.