मासा नसलेली स्लावा

माझी शेजारीण नेगोसावा शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घालते. सर्बियातल्या आमच्या उझित्से गावात तिच्या हातच्या कार्प माशाचं मोठं नाव. तो मासा क्रेडिट कार्डावर येतो, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा गेल्यावरही तिनं त्याच्या घराण्याच्या संताचा दिवस, म्हणजे डिसेंबरातली संत निकोलाची स्लावा, तशाच थाटात चालू ठेवली. दोन कार्डं काठोकाठ भरली. दर महिन्याला ती बँक मागेल तेवढीच किमान रक्कम भरायची. व्याज जायचं, मुद्दल हलायचं नाही.

सप्टेंबरात ती माझ्याकडे येऊन रडली. मी पाठ थोपटत बसणारी बाई नाही. कात्री आणली, एक कार्ड तिच्याच हातानं कापायला लावलं, दुसरं माझ्या पर्समध्ये टाकलं. पगार झाला की आधी कर्ज, मग बाकीचं. जास्त व्याजाचं कार्ड आधी फेडायचं. सिगारेट बंद. सगळं तिनं मुकाट ऐकलं. माशाच्या खर्चावर काट मारली, तशी उसळली.

"देसा, डोकं फिरलंय का तुझं? स्लावा आहे!"

"संताला मेणबत्ती, पाव, वाइन आणि शिजवलेले गहू पुरतात. पाद्रीसुद्धा हेच सांगतो. मासा संत खात नाही, तुझा भाऊ खातो."

"मग भावाला काय सांगू? येऊ नकोस?"

इथेच घोडं अडलं. स्लावेला आमच्यात कुणी कुणाला बोलावत नाही. दिवस लक्षात ठेवून माणसं आपली येतात. बोलावलेलंच नाही, त्याला नको कसं म्हणायचं?

"आजारी आहेस म्हणून कळवू," मी म्हटलं.

"संताच्या दिवशी खोटं बोलू?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तो बेत सोडून दिला.

स्लावेच्या दिवशी शाळेतल्या दोघी आल्या. भाऊ वुकोमान नवा कोट घालून आला, बरोबर बायको स्पोमेन्का. टेबलावर पाव, गहू, घेवड्याचं कालवण, लोणच्यातल्या मिरच्या. यजमान त्या दिवशी बसत नाही, म्हणून नेगोसावा उभी.

"काय ताई, मासा अजून नदीतच पोहतोय वाटतं?"

सगळे हसले. ती हसली नाही, तसा त्याचा आवाज चढला. "वर्षातून एकदा येतो आम्ही. एवढे जड झालो तुला? भाऊजी असते तर लाजेनं मेले असते!"

नेगोसावानं माझ्या पर्सकडे पाहिलं. कोपऱ्यावरचं दुकान उघडं होतं, आणि तीन महिन्यांच्या हप्त्यांनी थोडं मोकळं झालेलं कार्ड माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होतं. तिनं हात पुढे केला असता तर मी दिलं असतं, खरं सांगते.

"माझ्यावर चार लाख दिनारांचं कर्ज आहे, वुकोमान," ती म्हणाली. "तू खाल्लेले मासे अजून फेडतेय मी."

कुणीच चमचा उचलेना.

"म्हणजे आमचे घास मोजत होतीस तू," तो म्हणाला आणि कोट घेऊन उठला. स्पोमेन्का मान खाली घालून त्याच्यामागे गेली.

मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःचा रागही आला. योजना माझी होती, भाऊ तिचा गेला. त्यानं नंतर फोनसुद्धा केला नाही. ती हप्ते भरत राहिली, पण शाळेतून आली की खिडकीशी नुसती बसून असायची.

जानेवारीत संत योवानाचा दिवस आला, वुकोमानच्या घरची स्लावा.

"जाऊ का गं?" तिनं विचारलं.

"बोलावणं लागतं का?" मी म्हटलं.

नेहमीसारखं कॉफीचं पाकीट आणि वाइनची बाटली घेऊन आम्ही गेलो. दार स्पोमेन्कानं उघडलं, डोळे सुजलेले. "वन्सं, आमची तीन कार्डं आहेत," ती दारातच पुटपुटली. "तुमच्याहून जास्त आहे आमचं."

दरवर्षी त्या टेबलावर आख्खं भाजलेलं डुक्कर असायचं. यंदा मातीच्या भांड्यात घेवडा होता आणि बाजूला कोबी.

"डुक्कर पळालं की काय, वुकोमान?" एक पाहुणा ओरडला.

वुकोमानचे कान लाल झाले. बहिणीकडे न बघताच त्यानं तिच्यासाठी खुर्ची तेवढी ओढली.

"बस ताई. खा पोटभर. सगळं रोखीनं आणलंय."

नेगोसावा बसली. डोळे पुसत तिनं पहिली ताटली संपवली, आणि मग दुसऱ्यांदा वाढून मागितलं.