वजनावर घेतलेली दुर्बीण

वाशीमला आमच्या गल्लीत दौलतसिंग भाऊजींचं भांड्यांचं दुकान आहे. सगळा जन्म पितळ तोलण्यात गेल्यामुळे जगातली कुठलीही वस्तू ते आधी हातात झुलवून बघतात, मग टिचकी मारून नाद ऐकतात. कुलूप असो की पोराचे बूट, कसोटी हीच. सूनही अशीच पसंत केली असती, पण त्यांच्या बायको, रूपाबाई, आडव्या आल्या.

यंदा दिवाळीनंतर आम्ही तीन घरांनी शिरपूरकडच्या एका शेतात तंबू ठोकून राहायचं ठरवलं. रूपाबाईंचा हट्ट एकच. कृत्तिकांचा पुंजका त्यांना लहानपणापासून नुसता पुसट डाग दिसत आलेला. त्यातल्या चांदण्या एकदा सुट्या सुट्या बघायच्या होत्या. त्यासाठी दुर्बीण.

अकोल्याच्या दुकानात मीही सोबत होते. दुकानदार म्हणाला, "दहा बाय पन्नास न्या, दहा पट जवळ दाखवते. हातात धरून आभाळ पाहायले हेच बरी. मोठीले स्टँड लागते."

रूपाबाईंनी ती डोळ्यांना लावली आणि रस्त्यापलीकडची पाटी घडाघडा वाचली. भाऊजींनी ती झुलवून परत ठेवली.

"पत्र्याची वाटते." मग वीस बाय ऐंशीचं धूड उचललं, टिचकी मारली, कान लावला. "याले म्हंतात माल!"

"अन् स्टँड?" मी विचारलं.

"स्टँड कायले, वहिनी? हे हात काय भाड्यानं आणले?"

"माया मनगटाले पेलीन काय हे?" रूपाबाई म्हणाल्या. चिकुनगुन्यानंतर त्यांना भरली कळशी उचलवत नाही.

"मी हावो ना धरायले!"

शेतात जेवणं आटोपली. भाऊजी पाय फाकवून, दुर्बीण उगारून उभे राहिले. दोनच मिनिटांत हात लटलट कापायला लागले, तोंड मात्र सुरूच. आमच्या यांनी पाहून "वा, वा" केलं. शेजारचे जब्बारभाई माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "भाभी, चांदण्या नाचून राह्यल्या. वरातीत बी इतकं कोनी नाचत नाई."

रूपाबाईंनी डोळे लावले. "मले तं गांडुळं वळवळतानी दिसून राह्यले."

"तुयी नजरच कमजोर!"

अशी वाक्यं रूपाबाई लग्नापासून गिळत आल्या आहेत. हे मात्र नाही गिळलं. पूर्वेला कृत्तिका बांधावरच्या बाभळीच्या वर आल्या होत्या. त्यांनी भाजीचं क्रेट पालथं घातलं.

"बसा याच्यावर. तोंड तिकडे करा."

भाऊजी बसले. रूपाबाईंनी मागे सतरंजीवर बसून ते धूड नवऱ्याच्या खांद्यावर टेकवलं.

"अवं, हे काय..."

"बोलू नका. हालते."

"पण मले..."

"श्वास बी हळू घ्या."

इतका वेळ गप्प बसलेले भाऊजी आम्ही जन्मात पाहिले नव्हते. दुर्बीण आणल्याचा हा फायदा कुणी सांगितलाच नव्हता.

"काय वं, दिसल्या काय?" शेवटी त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

रूपाबाईंचा आवाजच बदलला होता. "सुट्या सुट्या हायेत जी. मी तं सहा-सातच समजत होती. थांबा, मोजून राह्यली... हालले ना तुमी! आता पयल्यापासून."