अब्दोनचा हॉर्न

डेल्फीन नामिसेलाच्या पोटात दुखत होतं, आणि त्या दुखण्याला औषध नव्हतं. ते लाल रंगाचं होतं, चिनी बनावटीचं होतं आणि रोज सकाळी पों-पों करत त्याच्या दारावरून जात होतं.

डोंगरावरच्या लोमा आल्ता गावात पहिली मोटरसायकल आणली ती डेल्फीननं. जपानी, जडशीळ, अस्सल. सुईण आणायची असो, नवरी पोचवायची असो, नाहीतर पाद्रीबाबांना खालच्या गावाहून उचलून आणायचं असो, हाक जायची ती डेल्फीनला. त्या काळी बेकरीवाला अब्दोन त्याच्या मागे डोळे मिटून, सगळ्या संतांची नावं घेत बसायचा. अब्दोनच्या थोरलीचा धर्मपिता डेल्फीन, म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. तिथे कोंपाद्रे सख्ख्या भावाच्याही वरचा.

मग एकदा खालच्या रस्त्यावर, दूधवाला ट्रक समोरून येतो त्या वळणावर घात झाला. मागे बायको होती, मेलानिया. वळणावर हॉर्न वाजवणं डेल्फीनला कमीपणाचं वाटे. "रस्ता मला ओळखतो," म्हणायचा. रस्ता ओळखत असेलही, ट्रकनं काही ओळखलं नाही. डेल्फीनला खरचटलं, मेलानियाचा खांदा मोडला. इस्पितळात ती एवढंच म्हणाली, "तुझ्या मागे मी पुन्हा बसायची नाही."

डेल्फीननं गाडी विकली. जुनी किल्ली तेवढी बायको वाचली म्हणून देवळातल्या मारियामातेच्या पायाशी टांगली आणि पुढची कित्येक वर्षं तो पायी नाहीतर बसनं हिंडला. गुडघे कुरकुरायला लागले, केस पांढरे झाले, पण गाडीचा विषय काढला नाही. चिनी गाड्या बाजारात आल्या तेव्हा मात्र चौकात बसून नाकानं कांदे सोलायचा. "डोंगराला चालते म्हणे! अरे, पहिल्या पावसात गंजून हिच्यात कोंबड्या अंडी घालतील."

आणि तसलीच एक गाडी अब्दोननं आणली. ज्याला साधं मागे बसताना घाम फुटायचा, त्यानं! उंच चाकांची, सडपातळ, मागे पावाची टोपली बांधायला कॅरिअर. अब्दोन ती बैलगाडीच्या वेगानं चालवायचा आणि प्रत्येक वळणावर पों-पों करायचा. पोरं टाळ्या पिटायची. आता सुईण अब्दोनला हाक मारू लागली, मास्तरीणबाईही. तेही डेल्फीननं गिळलं असतं. पण एका रविवारी दरड कोसळून बस बंद झाली, आणि मेलानिया चीजच्या टोपलीसकट अब्दोनच्या मागे बसून बाजाराला गेली.

परत आली ती हसत, वाऱ्यानं गाल लाल करून. डेल्फीनच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मजेत झाली वाटतं स्वारी?"

"झाली की. का?"

"नाही, कुणीतरी म्हणालं होतं, पुन्हा बसायची नाही म्हणून."

मेलानियानं टोपली खाली ठेवली. "तुझ्या मागे, म्हटलं होतं. अब्दोन वळणावर हॉर्न वाजवतो. तू कधी वाजवलास?"

डेल्फीन परसात गेला आणि गरज नसताना लाकडं फोडत बसला. त्याला हेवा वाटत होता, आणि बेकरीवाल्याचा हेवा वाटतो याची लाज त्याहून जास्त वाटत होती.

त्यात अब्दोन टोपी हातात घेऊन दारात उभा. "कोंपाद्रे, गाडीवर तीर्थ शिंपडायला पाद्रीबाबा येताहेत. थोरलीचे धर्मपिता झालात, तसे गाडीचेही पाद्रिनो तुम्हीच व्हा. दुसऱ्या कुणाला सांगू?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पाद्रिनो होणं नाकारायचं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. आणि व्हायचं तर पाद्रिनोनं गाडीचं नाव ठेवायचं आणि तीर्थ पडल्यावर पहिली फेरी त्यानंच मारायची, ही रीत. डेल्फीन "हो" म्हणाला आणि रात्रभर एक झोंबेल असं नाव शोधत कूस बदलत राहिला.

चौकात सगळं गाव जमलं. गाडीला फुलांच्या माळा, चुलीवर भाजलेल्या कुईचा, म्हणजे गिनीपिगचा वास, दालचिनीच्या गरम दारूची किटली. पाद्रीबाबांनी नाव विचारलं.

"पत्र्याचा डबा," डेल्फीन खणखणीत आवाजात म्हणाला.

सगळ्या गावानं अब्दोनकडे पाहिलं. मग सगळ्यात आधी अब्दोनच खो-खो हसला. "वा, कोंपाद्रे! पाव ठेवायला डबाच तर हवा होता मला!" बाण वाया गेला. तीर्थ पडलं, आणि अब्दोननं किल्ली त्याच्या हातात दिली.

गुडघा कुरकुरला, पण पाय पलीकडे गेला. गाडी चालू झाली. क्लच लोण्यासारखा, गिअर न कुरबुरता पडला. डेल्फीन मनात म्हणाला, मेली चांगली आहे की! चौकाला वळसा घालताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं आलं, असं तो पुढे सांगायचा.

देवळाच्या पायऱ्यांवर मेलानिया बसली होती. हाताची घडी, चेहरा दगडाचा. देवळाचा कोपरा आला. समोर कुणी नव्हतं, कुत्रंही नाही. डेल्फीननं अंगठा दाबला.

पों-पों.

पोरांनी टाळ्या पिटल्या. "डेल्फीनआजोबा अब्दोन झाले!" त्याचे कान तापले. पुढच्या कोपऱ्यावर त्यानं पुन्हा वाजवला. त्याच्या पुढच्यावरही. फेरी संपली तरी तो उतरला नाही. गाडी पायऱ्यांपाशी आणून उभी केली आणि पुढे बघत राहिला.

मेलानियाच्या हाताची घडी सुटली. मग मागची सीट दबली.

"हळू," मेलानिया म्हणाली. तिनं मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी घट्ट पकडलं होतं, त्याला शिवलीसुद्धा नव्हती.

"अहो कोंपाद्रे, एकच फेरी असते!" अब्दोन मागून ओरडत धावला. टोपी पडली, ती उचलायलाही थांबला नाही. "माझी गाडी! कुठे निघालात?"

डेल्फीननं गाडी खालच्या रस्त्याला घातली. दूधवाल्या ट्रकचं वळण अजून लांब होतं, तेव्हाच त्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली आणि वळण मागे पडेपर्यंत अंगठा उचलला नाही. तेव्हा कुठे कॅरिअरवरचा एक हात सुटला आणि त्याच्या कमरेला आला.